कोरड्या गावाला फोन

समजा, तुम्हाला बोअरच्या गाडीची वेबसाइट सुधारून द्यायची आहे. साड्यांच्या दुकानाची नव्हे, हॉटेलची नव्हे, बोअरच्या गाडीची. तुमचं गिऱ्हाईक दोन राज्यं ओलांडून कुठल्याशा गावात ओट्यावर बसलंय. घरातले हंडे रिकामे आहेत, हातात फोन आहे, फोनला रेंज जेमतेम. ते 'बोअर मारणारे' असं टाकून बघतं. आता त्याला पहिल्यांदा काय दाखवाल?

पाणीच दाखवाल. जमिनीतून उसळलेला गढूळ पाण्याचा खांब, भोवती नाचणारी पोरं, भिजून चिंब झालेला मालक. तमिळनाडूतल्या आमच्या तिरुचेंगोडमध्ये गल्लीगल्लीत बोअरच्या गाड्या आहेत आणि प्रत्येकाच्या वेबसाइटवर तोच एक फवारा उडतो. सेंगोट्टुवेल मामांच्या वेबसाइटवर तोसुद्धा नव्हता. हार घातलेली लॉरी होती, खाली पाच फोन नंबर होते, त्यातले बरेचसे बंद होते आणि 'तेनमोळी बोअरवेल्स' ही अक्षरं लाल-हिरवी लुकलुकत होती. पान उघडेपर्यंत माणसानं चहा करून प्यावा.

मामा आमच्या समोरच्या घरात राहतात. नात्यानं मामा नव्हेत, पण मी त्यांना दुसरं काही म्हटलेलं मला आठवत नाही. माझ्या वडिलांच्या यंत्रमागांच्या खडखडाटाबद्दल तक्रार न करणारा गल्लीतला हा एकटाच माणूस, कारण त्यांचा उजवा कान बोअरच्या कॉम्प्रेसरनं केव्हाच खाल्लाय. मिसरूड फुटायच्या आधी ते गाडीवर रॉड उचलायला गेले. पुढे ड्रिल चालवू लागले, आणि अर्धं आयुष्य लोकांच्या गाड्यांवर काढल्यावर त्यांनी स्वतःची गाडी घेऊन तिला आईचं नाव दिलं. कर्नाटक, आंध्र, मराठवाडा, पार इंदूरपर्यंत त्यांनी जमीन भोसकली आहे. 'खडक लागला', 'पाणी लागलं' आणि 'जेवायला काय आहे' एवढं तरी ते पाच भाषांत बोलतात.

पण गाडीला काम मिळतं ते गावोगावच्या एजंटांकडून. मागच्या उन्हाळ्यात रायचूरच्या एजंटानं मामांची कामं दुसऱ्याच गाडीला दिली आणि आमची गाडी ऐन हंगामात पेट्रोलपंपामागं उभी राहिली. माणसं खाऊन-झोपून परत आली. आता तोच एजंट गाडी भाड्यानं मागत होता. म्हणजे मामा स्वतःच्याच गाडीवर नोकर.

"गिऱ्हाइकानं सरळ मला फोन करायला पाहिजे," मामा मला म्हणाले. "कयल, तू कॉम्प्युटर शिकलीस ना? पोंगलच्या आत काहीतरी कर."

पोंगल म्हणजे जानेवारी. तिथून बोअरचा हंगाम लागतो. तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

मी कामाला लागले. लुकलुकणारी अक्षरं काढली, फोटो हलके केले, एकच चालू नंबर ठेवला आणि तो दाबला की फोन लागेल असं केलं. कोणत्या जिल्ह्यांत गाडी येते, खोदाईचा दर काय, माती लागली तर काय, खडक लागला तर काय, सगळं कन्नडमध्ये, तेलुगूत आणि मराठीत लिहून घेतलं. वर मोठा फवारा लावला. फक्त एका गोष्टीची उणीव होती.

"मामा, जुन्या गिऱ्हाइकांनी चार शब्द लिहायला हवेत. अनोळखी माणसावर कुणी उगाच विश्वास ठेवत नाही."

"त्यांनी लिहायचं? काय लिहायचं?"

"आपण मेसेज पाठवायचा. दुवा दाबला की ते तारे देतात. पाच तारे म्हणजे उत्तम."

मामांनी कपाळावर हात धरून आभाळाकडे पाहिलं. "आत्ता? या उन्हात?"

त्यांची बायको, पूंगोडी अत्तै (मामीला आम्ही अत्तै म्हणतो), सुंठीची कॉफी घेऊन आली. "तुमचं चालू द्या. नंबर माझ्याकडे आहेत. यांना ऐकू येत नाही म्हणून सगळी गिऱ्हाइकं माझ्याशीच बोलतात. पाठव गं सगळ्यांना. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक."

मेसेज गेले. दोन-तीन दिवसांत तारे यायला लागले. एकानं लिहिलं, "पाणी गोड. माणसं चांगली. ड्रायव्हर फार जेवतो." एकानं नुसताच म्हशी पाणी पितानाचा फोटो टाकला. मी ते वाचून दाखवायची आणि मामा डावा कान पुढं करून ऐकायचे, पुन्हा वाच म्हणायचे. ड्रायव्हरचं तर त्यांनी ड्रायव्हरला फोन करून ऐकवलं.

मग एक तारा आला. एकच.

कलबुर्गीकडच्या एका गावातून शिवशरणप्पा नावाच्या माणसानं लिहिलं होतं: "दोन ठिकाणी मारलं, दोन्ही कोरडी. दोन्ही पाइप उपटून विकले, तेवढंच हाती आलं."

असा शेरा आला की दडवायचा नाही, खाली नम्रपणे उत्तर द्यायचं, एवढं मला शिकवलं होतं. मी उत्तर मनात जुळवतच समोर गेले आणि मामांना वाचून दाखवलं. त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

"कोरड्यांनाही पाठवलंस?"

मी अत्तैकडे पाहिलं. अत्तै पदरानं पेला पुसत राहिली. "मेसेज म्हणजे काही फोन नव्हे," ती पुटपुटली.

आमच्याकडच्या बोअरवाल्यांची एक रीत आहे. पाणी लागलं तर मालकाच्या घरी पोटभर जेवायचं, त्यानं दिलेला टॉवेल खांद्यावर टाकून निघायचं. बोअर कोरडं गेलं तर त्या घरचं पाणीही प्यायचं नाही. रॉड आवाज न करता चढवायचे, 'येतो' म्हणायचं नाही, गाव सुटेपर्यंत हॉर्न वाजवायचा नाही. आणि त्या गावाला पुन्हा कधी फोन करायचा नाही. थोडी लाज असते, थोडी भीती, की तिथली कोरड पुढच्या भोकाला लागेल. मामांनी आयुष्यभर ही रीत पाळली होती. माझ्या मेसेजनं ती एका झटक्यात मोडली होती.

मला वाटलं ते चिडणार. पण ते म्हणाले, "पुन्हा वाच. पाइपाचं."

मी वाचलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

बोअर मारताना वरची माती ढासळू नये म्हणून आधी जाड पाइप उतरवतात. तो जमिनीच्या वर हातभर राहतो. बोअर कोरडं गेलं तरी त्या पाइपावर झाकण ठोकलं की काम भागतं. पाइप उपटला की भोवतालची माती ढासळते, तोंड रुंदावतं, आणि जे उरतं ते जमिनीशी सपाट असतं. गवत वाढलं की दिसत नाही. मामांनी तिथल्या तिथे शिवशरणप्पांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. दुसऱ्या दिवशी घंटीही वाजेना, आणि दुपारी शिवशरणप्पांच्या मुलाचा मेसेज आला. तो कन्नडमध्ये होता, मी कसाबसा जुळवून वाचला.

"तारा मागं घेणार नाही. कितीही फोन करा."

अत्तैला हसू आवरेना. मामांना आलं नाही.

"त्याला वाटतंय मी ताऱ्यासाठी फोन करतोय," ते म्हणाले. "कयल, तिथंच खाली लिही. तो बघत असेल ना?"

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: "तारा एकच राहू द्या. फक्त दोन्ही भोकं बुजवलीत का, एवढं सांगा. सेंगोट्टुवेल."

आता वेबसाइटवर नवा शेरा सगळ्यात वर दिसतो. म्हणजे फवाऱ्याच्या बरोबर खाली 'दोन्ही कोरडी', आणि त्याखाली मामांची भोकाची चौकशी. गोड पाणी आणि म्हशी गेल्या तळाला.

"अगं, हे काय दिसतंय पहिल्या पानावर!" अत्तै ओरडली. "कोण बोलावेल आपल्याला? काढ ते खाली."

"खाली ढकलता येईल," मी म्हणाले. "पुसायचं नाही, फक्त चांगले शेरे वर घ्यायचे. सगळे तसंच करतात. मामा, हंगाम तोंडावर आलाय. उत्तर यायचं तेव्हा येईल."

"वरच राहू दे. खाली गेलं तर त्याला वाटेल आपण विषय मिटवला."

"आणि गाडी?"

मामांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. रॉड उचलायला होते तेव्हा इंदूरकडच्या एका वस्तीत बोअर कोरडं गेलं. मालकानं त्यांच्या डोळ्यांदेखत पाइप उपटला. गाडी रात्रभर तिथंच होती. सकाळी बकरीचं पिल्लू त्यात पडलं.

"ओरडत होतं. वरून ऐकताना वाटायचं, हात घातला की लागेल. दोर सोडला, आकडा सोडला. काही नाही. मालक म्हणाला, जाऊ द्या, बकरीचंच आहे. आम्ही रॉड चढवले आणि निघालो." त्यांनी उजव्या कानावर हात ठेवला. "या कानानं काही ऐकू येत नाही म्हणतात डॉक्टर. तेवढं येतं."

गाडी आज आहे, उद्या जाईल, असं काहीतरी पुढं म्हणाले, पण ते आमच्यासाठी नव्हतं.

उत्तर आलं नाही. नोव्हेंबरमध्ये मामा निघाले. त्यांनी आधी आपला जुना ड्रिलर मरुदाचलम याला विचारलं. तो हात जोडून म्हणाला, "मामा, कोरड्या गावात परत? निघताना त्यांनी लॉरीसमोर बैलगाडी आडवी घातली होती, विसरलात? मी घरी बसून नवस करतो तुमच्यासाठी." मामा एकटेच गेले. पिशवीत दोन लुंग्या, अत्तैनं बांधलेले आप्पे आणि लोखंडाची दोन जड झाकणं. स्टेशनवर पोलिसानं पिशवी उघडून झाकणं पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिली म्हणे. मामांनी त्याला आप्पे दिले.

पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर सांगितलं तसं.

शिवशरणप्पा बसचे निवृत्त कंडक्टर. दारात मामांना पाहून त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग मामांकडे.

"एका ताऱ्यासाठी एवढ्या लांब?"

"तारा ठेवा. भोकं दाखवा."

"पाणी लागलं नाही तेव्हाच पाहिलीत की."

"मालक, मी भांडायला आलेलो नाही. भोकं दाखवा, मी जातो."

घरामागचं भोक त्यांनी राडारोडा टाकून भरलं होतं, वर पपईचं झाड लावलं होतं. मामांनी पहारीनं ठोकून पाहिलं, दोन पाट्या माती आणखी टाकली. दुसरं भोक रानात होतं. रान हणमंत नावाच्या माणसाला बटाईनं दिलेलं. तिथं पोचले तर तूर डोक्याच्या वर गेलेली, पिवळ्या फुलांनी भरलेली.

"मी फरशी टाकली होती त्यावर," शिवशरणप्पा म्हणाले. "जाड शहाबादी. मी काय वेडा आहे उघडं ठेवायला?"

फरशी सापडली. बांधावर. नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्यानं वाटेतली फरशी उचलून बाजूला टाकली होती, आणि आता बायका तिच्यावर बसून भाकरी खात होत्या.

शिवशरणप्पा फरशीकडे बघत उभे राहिले. मग स्वतःच आधी तुरीत शिरले.

मामांना जागा आठवत होती. गाडीचं मागचं तोंड लिंबाच्या झाडाकडे होतं, पाणाड्यानं नारळ घेऊन लिंबापासूनच चालायला सुरुवात केली होती. पण लिंब कुठे दिसेना.

"लिंब मी तोडला," हणमंत म्हणाला. "सावलीनं पीक येत नव्हतं. आणि तुम्ही काय धुडगूस घातलाय? फुलावर आलेली तूर आहे ती."

"इथं कुठंतरी उघडं भोक आहे."

"माझी पोरं रोज हिंडतात इथं. भोक असतं तर दिसलं असतं."

"दिसत नाही, म्हणूनच तर," मामा म्हणाले.

त्यांनी काठीनं जमीन चाचपत ओळीमागून ओळ पाहिली. तूर दाट, जमीन काळी, पाऊस ओसरल्यावर जागोजाग पडलेल्या भेगा. काठी खाली गेली की मामा खाली बसून हातानं चाचपायचे आणि भेग निघायची. हणमंत आधी ओरडला, मग त्यानं पोरांना हाक मारून बांधावर बसवलं. दिवस मावळायला आला तरी भोक सापडलं नाही. सगळी तूर कापल्याशिवाय सापडणार नाही, हे तिघांनाही कळलं. एवढं पीक आडवं करा म्हणायचा अधिकार मामांना नव्हता, आणि ज्यांना होता ते शिवशरणप्पा मान खाली घालून उभे होते.

त्या रात्री मामा कोरड्या घरी जेवले. कडक भाकरी, शेंगाची चटणी. "पाणीसुद्धा प्यायलो," हे त्यांनी मला खालच्या आवाजात सांगितलं, अत्तै आत गेल्यावर.

सकाळी झाकणं शिवशरणप्पांच्या हवाली केली. तूर निघाली की भोक शोधायचं, बुजवायचं, वर झाकण ठोकायचं आणि फोटो पाठवायचा, असं ठरलं.

"खरंच एवढ्यासाठी आलात?" बसपर्यंत सोडायला आलेल्या शिवशरणप्पांनी विचारलं. "तारे वाढवू का?"

"फोटो पाठवल्यावर वाढवा," मामा म्हणाले. शेवटी धंदेवाईक माणूस.

परत आल्यावर त्यांनी माझ्याकडून वेबसाइटवर आणखी एक गोष्ट घालून घेतली. पहिल्याच पानावर, फवाऱ्याच्या शेजारी: "बोअर कोरडं गेलं, तर ते आम्ही बुजवून देऊ. पाइप उपटू नका."

अत्तैनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "कोरडं! पहिल्या पानावर! गाडीसमोर आपण लिंबू फोडतो, तो शब्द जिभेवर येऊ नये म्हणून, आणि हे तो छापतायत."

धंद्याच्या दृष्टीनं तिचं म्हणणं चूक नव्हतं. लोक कुठल्या ओळीपर्यंत वाचतात आणि कुठून निघून जातात, ते मला माझ्याकडे दिसतं. त्या ओळीपाशी बरेच जण निघून जात होते. जे फोन येत होते तेही असले: "तुमच्याकडे कोरडं जातं का हो?" मामा खरं सांगायचे, "जातं कधीकधी," आणि पलीकडून फोन ठेवला जायचा. बाकीच्या वेबसाइटींवर कुणाचंच कधी कोरडं जात नाही. रायचूरच्या एजंटानंही कुठून तरी पाहिलं. त्यानं अत्तैला फोन करून विचारलं, "काय हो ताई, खोदायचं सोडून बुजवायचा धंदा काढलात म्हणे? गाडी पाठवताय ना मग?"

दोन कामं तेवढी आली. यादगीरकडची एक शाळेतली बाई म्हणाली, "त्या ओळीमुळेच फोन केला." दुसऱ्यानं ओळ वाचलीच नव्हती. दोन कामांवर गाडी हंगामभर चालत नाही. मी ओळ खाली घेऊ का, असं मामांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

आता पोंगल आला आहे. दारापुढं कोलमच्या रांगोळ्या काढल्यात, गाड्यांना शेंदूर लागलाय, आणि गल्लीतल्या बाकीच्या लॉऱ्या उत्तरेकडे निघायच्या तयारीत आहेत. आमची अजून उभी आहे. एजंटाला काय कळवायचं ते मामांनी ठरवलेलं नाही.

रोज सकाळी ते पेला घेऊन आमच्या ओट्यावर येतात. मी लॅपटॉप उघडते, कुठून कुणी चौकशी केली ते सांगणार असते, पण ते आधी हात वर करतात.

"फोटो आला?"

"नाही, मामा."

शिवशरणप्पांचा फोन बंद लागतो. मुलाचाही. लेकीकडे गेले असतील, गावात वीज नसेल, नंबर बदलला असेल. मी दरवेळी नवं कारण शोधते. काल मी त्या भागातल्या बाजाराचे भाव पाहिले. नवी तूर यायला लागलीय. मामांना सांगितलं तर त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

त्यांनी पेला हातात तसाच धरला. वडिलांचे माग चालू होते म्हणून ते मोठ्यानं बोलले, आणि अत्तैही आपल्या दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे तूर कापली असेल. रान मोकळं झालं असेल, पोरं खेळायला येत असतील," ते म्हणाले. "मग आता तरी ते भोक कुणाला दिसलं असेल का गं?"